‘चेलुवी’ : दोन घागरी पाण्याची कहाणी

श्रावणातील कहाणी हातात अक्षता घेऊन ऐकावयाची असते. ऐकणाऱ्याने मध्येच उठू नये, आणि कहाणी सुफळ संपूर्ण झाल्यावाचून मूठ उघडू नये, असा आपल्याकडील वडीलधाऱ्या बायकांचा दंडक. या दंडकात मोठे शहाणपण आहे. कहाणीतील आटपाट नगर, राजा, नावडती राणी, पाटावर बसलेली देवी ही सारी कोण्या एके काळची; मुठीतील अक्षता मात्र आजच्या आणि आपल्या. त्या मुठीमुळे ऐकणारा कहाणीच्या बाहेर उभा राहू शकत नाही. कोणी वसा टाकला, कोणी उन्माद केला, कोणाचे वैभव गेले, हे ऐकताना त्याला आपल्याच घराची आठवण होते आणि मूठ जराशी घट्ट होते.

लोककथेवरून चित्रपट निघतो तेव्हा ही मूठ सुटते. प्रेक्षागृहात अंधार असतो, शेजारी बसलेला माणूस अनोळखी असतो, आणि पडद्यावर चाललेल्या गोष्टीला ‘हुं’ म्हणण्याची सोय नसते. मग कथेतील कोणती गोष्ट पडद्यावर टिकते आणि कोणती वाटेत सांडते, हा प्रश्न टीकाकाराने विचारलाच पाहिजे. गिरीश कर्नाड यांच्या ‘चेलुवी’ या 1992 सालच्या चित्रपटाच्या निमित्ताने तो प्रश्न आम्ही येथे विचारीत आहो. चित्रपट जुना झाला, हे खरे. परंतु आमच्या मते खानापूरसारख्या रानाच्या तालुक्यात राहणाऱ्या आणि पहाटे देवासाठी फुलांची परडी घेऊन बाहेर पडणाऱ्या वाचकांशी त्याला जे बोलावयाचे आहे, ते अद्यापि जुने झालेले नाही.

प्रथम चित्रपटाची ओळख. ‘चेलुवी’ हा शब्द कन्नड. त्याचा अर्थ सुंदर मुलगी. चित्रपट मात्र हिंदीत आहे. नायिकेची भूमिका पुण्याच्या सोनाली कुलकर्णी यांनी केली असून तो त्यांचा पहिला चित्रपट होय. छायाचित्रण राजीव मेनन यांचे. गावच्या मुख्याच्या भूमिकेत स्वतः कर्नाड आहेत. 1993 सालच्या कान महोत्सवात तो दाखविला गेला, आणि पर्यावरण संरक्षणावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. या पुरस्काराविषयी पुढे थोडे बोलावयाचे आहे.

या चित्रपटाचे गोत्र आपल्या भागाशी किती जवळचे आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कर्नाडांचा जन्म 1938 साली माथेरानला झाला. घरची बोली कोंकणी. बालपण शिरसीच्या मलनाडात गेले. पुढे धारवाडला शिक्षण झाले आणि लेखणीने कन्नडचा आश्रय केला. 2019 साली ते निवर्तले तेव्हा मराठी, कोंकणी आणि कन्नड या तिन्ही घरांत त्यांचे सुतक होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कथा ज्यांनी टिपली आणि इंग्रजीत नेली ते अ. कृ. रामानुजन (1929–1993) हे म्हैसूरचे. अमेरिकेस जाण्यापूर्वी तरुण वयात त्यांनी काही काळ आपल्या बेळगावात इंग्रजीचे अध्यापन केले होते. कर्नाडांच्या ‘नागमंडल’ या 1988 सालच्या नाटकाच्या मुळाशी असलेल्या दोन लोककथाही रामानुजन यांच्याकडूनच त्यांना मिळाल्या होत्या. तेव्हा कन्नड बायकांच्या तोंडची कथा, कोंकणी घरातील दिग्दर्शक, मराठी मुलगी आणि हिंदी संवाद असा हा मेळ आहे. ओसरीवर एक भाषा, माजघरात दुसरी आणि बाजारात तिसरी बोलणाऱ्या सीमाभागातील माणसाला त्यात नवल वाटावयाचे कारण नाही. बायकांच्या कहाण्यांनी भाषेची सीमा कधी मानलीच नाही. लेक ज्या गावी दिली त्या गावी कहाणीही गेली.

आता मूळ कथा. रामानुजन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकात या कथेची अनेक रूपे ऐकली होती. त्यांच्या निधनानंतर 1997 साली त्यांचा जो कथासंग्रह प्रसिद्ध झाला, त्याला याच कथेचे नाव देण्यात आले. तिचा सारांश असा.

एका गावी एक म्हातारी आपल्या दोन मुलींसह राहत असे. दुसऱ्यांची धुणीभांडी करून ती मुलींना वाढवी. धाकटी वयात आली तेव्हा आईचे कष्ट तिला पाहवेनात. ती थोरलीला म्हणाली, मी फुलांचे झाड होते, तू फुले काढ, आपण ती विकू. त्याचा विधीही तिनेच सांगितला. जागा झाडून सारवून घ्यावयाची. स्नान करून दोन घागरी पाणी आणावयाचे, त्याला नख लागता कामा नये. ती डोळे मिटून बसेल. एक घागर तिच्यावर ओतली की ती झाड होईल. मग फुले काढावयाची, परंतु एखादे पान फाटता उपयोगी नाही, कोंब दुखावता उपयोगी नाही. दुसरी घागर ओतली की ती पुन्हा माणूस होईल. थोरली बहीण सारे नीट करते. फुले राजवाड्यात जातात. तो सुगंध राजपुत्राला वेडा करतो. तो आडून सारा प्रकार पाहतो आणि तिच्याशी लग्न लावतो. परंतु लग्नानंतर तो तिच्याशी बोलेना. झालीस तर माझ्यापुढे झाड हो, हा त्याचा हट्ट. ती होते. रोज रात्री फुलांची शेज होते आणि रोज सकाळी कोमेजलेल्या फुलांचा ढीग खिडकीखाली पडतो.

तो ढीग धाकट्या नणंदेच्या दृष्टीस पडतो. ती आपल्या सोबतिणींसह वहिनीला बागेत नेते आणि बळेच झाड व्हावयास लावते. पोरी ओरबाडून फुले काढतात, फांद्या मोडतात. तेवढ्यात पावसाची चिन्हे दिसू लागतात, आणि घाईघाईने कसेबसे पाणी ओतून त्या पळून जातात. माणूस झालेल्या मुलीला हातही नाहीत आणि पायही नाहीत. एक गाडीवान तिला पाहतो, आपले मुंडासे तिच्या अंगावर घालतो आणि परगावी आणून सोडतो. त्या गावची राणी म्हणजे राजपुत्राची थोरली बहीण. पत्नी नाहीशी झाली म्हणून राजपुत्र वेड्यासारखा भटकत, दाढी-जटा वाढवून, अखेर त्याच गावी येतो. दोघांची गाठ पडते. ती त्याला सांगते, दोन घागरी पाणी आण. एक ओतलीस की मी झाड होईन. मोडलेल्या फांद्या जागच्या जागी सांध, जखमा बांध, आणि मग दुसरी घागर ओत. तो तसे करतो. मुलगी सर्वांगाने पूर्ण होऊन उठते. धाकट्या नणंदेला मात्र राजा चुनकळीच्या खाईत लोटतो. येथे कथा संपते.

या कथेत ती मुलगी झाड होते ते कोणाच्या इच्छेने, याचा हिशेब मांडून पाहावा. प्रथम ती होते ती आपल्या इच्छेने, आईसाठी. नंतर नवऱ्याच्या हट्टाखातर. तिसऱ्या खेपेस नणंदेच्या जबरीने. आणि शेवटी पुन्हा आपल्याच सांगण्याने, नवऱ्याच्या हातून. म्हणजे दान, मागणी, लूट आणि सांधणे असे हे चार टप्पे आहेत. प्रत्येक वेळी ती अबोल होते, पळू शकत नाही, ज्याच्या हाती घागर आहे त्याच्या अधीन होते. कथेचे मर्म आम्हांस या घागरीत दिसते. फुले देणाऱ्याचे सर्वस्व ती घेणाऱ्याच्या हाताच्या सुजाणपणावर अवलंबून आहे, हे कथा एकाच सोप्या नियमाने सांगते आणि मग त्याचे कोठेही निरूपण करीत बसत नाही.

कर्नाडांनी या कथेचे पडद्यावर काय केले? पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी राजवाडा काढून टाकला. राजाच्या जागी गावचा मुख्य आला, राजपुत्राच्या जागी त्याचा मुलगा कुमार, धाकट्या राजकन्येच्या जागी श्यामा ही नणंद. हा फेरफार आम्हांस पूर्णपणे योग्य वाटतो. लोककथेतील राजा हा तरी कोठला मोठा राजा असतो? त्याच्या वाड्यावर फुले विकणारी मुलगी परसदाराने जाऊ शकते, त्याची राणी फुलांचा भाव करते. आपल्याकडील पाटलाचा किंवा देसायाचा वाडा तो हाच. कथेला तिच्या खऱ्या मापाचे घर देण्यात दिग्दर्शकाने औचित्य दाखविले आहे.

दुसरी गोष्ट, चमत्काराची हाताळणी. मुलीचे झाड होणे हा प्रसंग भपकेबाज करण्याचा मोह कोणालाही झाला असता. कर्नाड चमत्कारापेक्षा त्याच्या विधीवर भर देतात: पाणी आणणे, जागा पाहणे, बसणे, ओतणे, हलक्या हाताने खुडणे. देवपूजेची तयारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पद्धत आपलीशी वाटेल. पूजेतही देव प्रकट होण्याचा क्षण कोणी दाखवीत नाही. आपण दाखवितो ते सारवणे, पाणी भरणे, गंध उगाळणे. सोनाली कुलकर्णी यांचा चेहरा येथे चित्रपटाच्या उपयोगी पडला आहे. त्या वेळी त्यांच्यामागे कोणतीही कीर्ती नव्हती, म्हणून प्रेक्षक नटीकडे न पाहता त्या मुलीकडे पाहतो. झाड होताना तिच्या तोंडावर असलेला विश्वास आणि नंतर सासरी त्याच विश्वासाची हळूहळू होणारी झीज त्यांनी संयमाने दाखविली आहे.

तिसरा आणि सर्वांत मोठा फेरफार शेवटाचा. नवरा गावी नसताना श्यामा आणि पोरे मिळून वहिनीला झाड व्हावयास लावतात, ओरबाडतात, आणि ती अर्धी माणूस, अर्धे खोड होऊन पडते. येथवर चित्रपट कथेच्याच वाटेने चालला आहे. परंतु कुमार परत येतो, तिला ओळखतो, तिला पुन्हा पूर्ण करावयाचे तर मोडलेल्या फांद्या हव्यात हे जाणतो, आणि तिला घेऊन रानात जातो तेव्हा त्या रानातच तोड झालेली असते. फांद्या सापडावयाच्या कोठे? दुसरी घागर ओतण्याची वेळच येत नाही. चित्रपट तेथेच थांबतो. परगावची बहीण नाही, वनवास नाही, पुनर्भेट नाही, शिक्षाही नाही.

लोककथेचा शेवट बदलण्याचा अधिकार दिग्दर्शकाला आहे काय? हा प्रश्न आपल्याकडे पुन्हा एकदा निघाला तो अमोल पालेकर यांच्या 2005 सालच्या ‘पहेली’ या चित्रपटाच्या वेळी. विजयदान देथा यांनी शब्दबद्ध केलेल्या राजस्थानी कथेत एक भूत व्यापाऱ्याच्या मुलाचे रूप घेऊन त्याच्या नववधूजवळ राहते. अखेर ते पकडले जाते, आणि मुलीच्या वाट्याला मुकाट्याने खऱ्या नवऱ्याचे घर येते. मणि कौल यांनी 1973 साली ‘दुविधा’त हा कडू शेवट तसाच ठेवला. पालेकरांनी तो गोड केला. भूत नवऱ्याच्या देहात शिरून मुलीला पुन्हा भेटते. म्हणजे पालेकरांनी कडू कथेला गोड शेवट दिला, तर कर्नाडांनी गोड कथेला कडू शेवट दिला. पालेकरांच्या बदलाचे कारण उघड आहे: त्या मुलीला तिच्या मनासारखा सोबती मिळावा ही करुणा. कर्नाडांच्या बदलाचे कारण शोधण्यासाठी कथेचाच नियम पुन्हा पाहिला पाहिजे.

कथेत मुलगी पूर्ण होऊ शकते, कारण झाड होताच मोडलेल्या फांद्या झाडालाच लोंबत असतात. त्या वाऱ्यावर गेलेल्या नाहीत, कोणी चुलीत घातलेल्या नाहीत, गाडीत भरून नेलेल्या नाहीत. पोरींनी लूट केली ती फुलांची. झाड विकण्याची कल्पना त्या जुन्या गावाला सुचलीच नव्हती. चित्रपटाचा गाव वेगळा आहे. त्यात लाकडाला भाव आहे. जेथे मोडलेली फांदीदेखील मागे राहत नाही, तेथे सांधावयाचे काय? कथेचा नियम कर्नाडांनी मोडलेला नाही. तो पाळल्यामुळेच शेवट बदलला आहे. या दृष्टीने पाहिल्यास त्यांची निष्ठा वरवरच्या नकलेहून अधिक खोल ठरते. नणंदेला चुनकळीत लोटण्याचा भाग त्यांनी गाळला, तोही याच विचाराने असावा. एका अजाण पोरीला जाळून रान परत येत नाही. दोष एकीचा असता तर शिक्षा पुरती. येथे दोष साऱ्या गावाचा आहे.

इतके मान्य करूनही आमची एक तक्रार उरतेच. कथेतील चार टप्प्यांपैकी चौथा चित्रपटात नाही, आणि तोच मुलीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. त्या टप्प्यात ती पुन्हा बोलते. हात नाहीत, पाय नाहीत, तरी काय करावयाचे हे ती नवऱ्याला सांगते, आणि ज्याने कधी केवळ स्वतःच्या सुखासाठी घागर ओतली होती तो आता तिच्या सांगण्याप्रमाणे एकेक फांदी बांधतो. त्यापूर्वी तोही वणवण फिरून, देहाचे हाल करून, तिच्याइतकाच निराधार झालेला असतो. कथेतील हा पुरुषाचा वनवास म्हणजे त्याचे प्रायश्चित्त होय. चित्रपटातील कुमार हा भला मुलगा आहे. परंतु बायकोला झाड होण्याचा हट्ट त्यानेही धरला होता, हे चित्रपट शेवटी जवळजवळ विसरतो. श्यामा आणि लाकूडतोडे यांच्यावर सारा भार जातो आणि कुमार नुसता दुःखी नवरा उरतो. मूळ कथा सांगणाऱ्या बायका याबाबतीत अधिक कठोर आणि अधिक क्षमाशील होत्या. त्यांनी त्याला दोषही दिला आणि तो निस्तरण्याची संधीही दिली.

येथेच त्या राष्ट्रीय पुरस्काराचा विचार करावासा वाटतो. पुरस्कार योग्य चित्रपटाला मिळाला, यात शंका नाही. परंतु ‘पर्यावरण’ हा शिक्का बसला की प्रेक्षक मुलीला विसरून झाडाकडे पाहू लागतो. चेलुवी म्हणजे जंगल, श्यामा म्हणजे हावरा समाज, असे सोपे गणित तो मांडतो आणि समाधानाने घरी जातो. लोककथेत ती मुलगी दुसऱ्या कशाचीही खूण नव्हती. ती झाडही होती आणि मुलगीही होती, दोन्ही सारख्याच खरेपणाने. सासरी नांदणाऱ्या सुनेची भीती आणि तुटणाऱ्या झाडाची वेदना तेथे एकाच देहात राहत होत्या. चित्रपटाचा बराचसा भाग हा दुहेरी जीव सांभाळतो. शेवटच्या रानातील प्रसंगात मात्र पारडे झाडाकडे झुकते आणि मुलगी प्रतीक होऊ लागते. शेवट ज्या कारणासाठी बदलला ते कारण उत्तम. पण त्याची किंमत त्या मुलीने मोजली आहे, हे नमूद केले पाहिजे.

याच कथेवर अमेरिकन संगीतकार जॉन अॅडम्स यांनी संगीतिका रचली. 2006 साली व्हिएन्ना येथे तिचा पहिला प्रयोग झाला, आणि तिचा आधार रामानुजन यांचेच भाषांतर होते. त्यांनी मूळचा शेवट, म्हणजे मुलीचे पुन्हा पूर्ण होणे, कायम ठेवला. दूरदेशीच्या कलावंताने आपल्या कहाणीचे ‘सुफळ संपूर्ण’ जपावे आणि आपल्याच मातीतील कलावंताने ते नाकारावे, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. पण थोडा विचार केला तर त्याचा उलगडा होतो. व्हिएन्नाच्या श्रोत्याला ती दूरच्या देशाची एक सुंदर कथा आहे. कर्नाडांचे बालपण शिरसीच्या रानात गेले होते. ‘काडु’, म्हणजे रान, या नावाचा चित्रपट त्यांनी 1973 सालीच केला होता. ज्याच्या डोळ्यांदेखत रान विरळ होत गेले, त्याला फांद्या सापडल्या असे म्हणवेना.

भाविक वाचक येथे म्हणतील, की आपल्या परंपरेत नाश हा अखेरचा शब्द नसतो. हे अगदी खरे. आमच्या तालुक्यातील हलशीचे कदंबांच्या काळातील भूवराह नरसिंहाचे देऊळच याची साक्ष देते. जलात बुडालेली पृथ्वी वराहाने दाढेवर उचलून पुन्हा जागी आणली, अशी आपली श्रद्धा. मग आशेवाचून संपणारी कथा आपण का पाहावी? याचे उत्तर आम्हांस श्रावणातील कहाण्यांतच सापडते. कहाणीत वैभव जाते ते वसा टाकल्यामुळे, आणि ते परत येते तेही आपोआप येत नाही. कोणीतरी तो वसा पुन्हा घेते तेव्हा येते. मध्ये जो काळ जातो, ज्यात घरात दिवा नाही आणि पदरात दाणा नाही, तोही कहाणीचाच भाग आहे. कर्नाडांची कहाणी त्या मधल्या काळात येऊन थांबली आहे. वसा टाकलेला आहे आणि अजून कोणी तो उचललेला नाही. हा शेवट श्रद्धेच्या विरुद्ध आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो अपुरा आहे, आणि जाणूनबुजून अपुरा आहे.

आता आपल्याविषयी दोन शब्द. खानापूर तालुक्याने रान आणि देव यांना वेगळे मानलेले नाही. कणकुंबीच्या माउलीच्या परिसरात मलप्रभा उगम पावते. म्हादईचा उगमही याच तालुक्यातील डोंगरांत आहे. 2011 साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले भीमगडचे रान येथेच आहे. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली. कथेतील त्या दोन घागरी आमच्याच चाकावर घडल्या असाव्यात असे कोणासही वाटावे. आणि फुलांचे नियम तर आपल्याला पाळण्यातच कळलेले. सूर्य मावळल्यावर झाडाला हात लावू नये. द्वादशीस तुळस तोडू नये. कळी खुडू नये. जमिनीवर पडलेले फूल देवाला चालत नाही, अपवाद प्राजक्ताचा. कारण तो आपण होऊन देतो, त्याच्याकडून घ्यावे लागत नाही. गोव्यात आणि कोंकणात देवाचा कौल घ्यावयाचा तोही देवाच्या अंगी लावलेल्या कळ्या-पाकळ्यांनी. म्हणजे देव बोलतो तो फुलाच्या तोंडून. देवराईतील वाळके लाकूडही घरी नेऊ नये, असा धाक पुष्कळ गावांत अजूनही आहे.

हे सारे नियम म्हणजे त्या मुलीने बहिणीला सांगितलेला विधीच होय. पान फाटू देऊ नकोस, कोंब दुखवू नकोस. थोरल्या बहिणीने तो पाळला म्हणून फुलेही मिळाली आणि बहीणही राहिली. ‘चेलुवी’ पाहताना आपण स्वतःला कोणाच्या जागी बसवितो? बहुतेक प्रेक्षक कुमारच्या किंवा त्या मुलीच्या जागी बसतात. आम्हां देवळाशी निगडित असलेल्या मंडळींनी श्यामाच्या जागी क्षणभर बसून पाहिले पाहिजे. तिच्या मनात वैर नव्हते. तिला फुले हवी होती, आणि ती आपल्या हक्काची आहेत असे तिला वाटत होते. उत्सवाच्या आदल्या रात्री हार, तोरणे आणि मखर यांसाठी आपणही फुले मागतो. ती हक्काने मागतो, कारण ती देवासाठी असतात. सुरंगीची फुले जून फांदीलाच बिलगून येतात. वळेसर करण्यासाठी ती हलक्या हाताने, वेळ घालवूनच काढावी लागतात. घाई असलेल्या माणसाचा हात तेथे फांदीवरच पडतो. देवासाठी घेतलेल्या फुलालाही थोरल्या बहिणीचा हात लागतो. देवाचे नाव घेतल्याने श्यामाचा हात हलका होत नाही. जीर्णोद्धारासाठी देवराईची कड कापताना, मांडवासाठी आंब्याचे डहाळे ओरबाडताना, हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे.

चित्रपटाचे गुणदोष आम्ही यथामति सांगितले. तो सर्वगुणसंपन्न नाही. शेवटी तो मुलीला झाडाच्या मागे ठेवतो आणि नवऱ्याला फार स्वस्तात सोडतो. तरीही लोककथेवरून निघालेल्या भारतीय चित्रपटांत कथेच्या अंतर्गत नियमाशी इतका प्रामाणिक राहिलेला चित्रपट विरळा, असे आमचे मत आहे. एक सूचना करून हा लेख पुरा करितो. एखाद्या देवस्थानच्या मंडळींनी श्रावणातील एका संध्याकाळी सभामंडपात हा चित्रपट दाखवावा. तो संपला की दिवे लावावेत, आणि एखाद्या जाणत्या बाईने मूळ कथा, मराठीत किंवा कोंकणीत, शेवटापर्यंत सांगावी: तो वनवास, ती ओळख, त्या सांधलेल्या फांद्या आणि ती दुसरी घागर. ऐकणाऱ्यांच्या हातात चित्रपटाच्या आरंभापासून अक्षता असाव्यात. चित्रपट संपला तेव्हा मूठ उघडता येत नाही, हे लहान मुलांनाही आपोआप कळेल. आणि कथा संपून ती उघडेल तेव्हा, गावाच्या देवराईत पुढल्या पावसाच्या आत काय सांधावयाचे आहे, याची चर्चा त्याच सभामंडपात सुरू करता येईल.